पडद्याअलीकडचा माणूस

सरगूर हे म्हैसूर जिल्ह्यातले, कबिनीच्या खोऱ्यातले लहानसे गाव. आसपास जंगल आणि जंगलाच्या कडेने आदिवासींच्या वस्त्या. म्हैसूर मेडिकल कॉलेजातल्या काही तरुणांनी १९८४ मध्ये स्वामी विवेकानंद यूथ मूव्हमेंट ही संस्था काढली आणि पुढे तिचे विवेकानंद मेमोरियल हॉस्पिटल इथे उभे राहिले. २००२ मध्ये या रुग्णालयाला इस्रोच्या उपग्रहाची जोडणी मिळाली. चामराजनगरच्या जिल्हा रुग्णालयालाही मिळाली. दोन्हींचे दुसरे टोक बंगळुरूच्या होसूर रस्त्यावर, बोम्मसंद्रला, डॉ. देवी शेट्टी यांच्या नारायण हृदयालयात होते.

त्या काळी सरगूरला रात्री कुणाच्या छातीत कळ आली, तर तिथल्या डॉक्टरपुढे काय पेच असेल, याचा विचार करून पाहा. ईसीजीची पट्टी हातात आहे, पण रेषा वर गेली आहे ती खरोखरच झटक्यामुळे की आणखी कशामुळे, याची खात्री नाही. झटका असेल तर रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लगेच द्यायला हवे, कारण जसजसा वेळ जातो तसतसा हृदयाचा स्नायू मरत जातो. झटका नसेल आणि तेच इंजेक्शन दिले, तर मेंदूत रक्तस्राव होण्याची भीती. अशा वेळी बहुतेक डॉक्टर नातेवाइकांना सांगत, ‘म्हैसूरला न्या.’ त्यांना वैद्यक येत नव्हते असे नाही. एकट्याने निर्णय घेण्याची छाती होत नव्हती. जोडणी आल्यावर ईसीजी बोम्मसंद्रला दिसू लागला, तिथला हृदयरोगतज्ज्ञ पडद्यावर आला आणि म्हणाला, ‘द्या इंजेक्शन, मी बघतोय.’ औषध तेच होते आणि ते देणारा हातही सरगूरचाच होता. बंगळुरूहून आले ते बळ.

व्हिडिओवरून चालणाऱ्या वैद्यकसेवेची सगळी गोष्ट मला या एका प्रसंगात दिसते. आपण पडद्याकडे बघत राहतो, कॅमेरा किती चांगला, नेट किती वेगवान यावर बोलतो. पण ही सेवा कुठे रुजली आणि कुठे नाही, हे पाहायचे असेल तर रुग्णाच्या बाजूला कोण उभे होते ते शोधावे. बंगळुरूमध्ये गेल्या पंचवीसेक वर्षांत जे प्रयोग झाले, त्यांतले टिकलेले सगळे या बाजूच्या माणसावर उभे आहेत.

हे बंगळुरूतच का घडले, याचे उत्तर सोपे आहे. इस्रोचे मुख्यालय याच शहरात. मोठी रुग्णालये इथे, मनोविकारांची देशातली अग्रगण्य संस्था निम्हान्स इथे आणि संगणकाचे काम करणारी पोरे तर गल्लोगल्ली. आंध्र प्रदेशात चित्तूर जिल्ह्यातल्या अरगोंडा गावी अपोलोने २००० मध्ये असे केंद्र आधीच उघडले होते, त्याचे औपचारिक उद्घाटन अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष क्लिंटन यांनी केले होते. इस्रोने २००१ पासून ग्रामीण रुग्णालये शहरांतल्या मोठ्या रुग्णालयांना उपग्रहाने जोडायला सुरुवात केली.

उपग्रहाची एक गंमत सांगायला हवी. तो विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो. सरगूरच्या डॉक्टरचा शब्द वर जाऊन बोम्मसंद्रला उतरेपर्यंत ७२,००० किलोमीटरचा प्रवास होतो. प्रकाशाच्या वेगाने गेला तरी त्याला पाव सेकंद लागतो, उत्तर परत यायला आणखी पाव. अर्धा सेकंद म्हणजे काहीच नाही असे वाटते, पण संभाषणात तो चांगलाच जाणवतो. दोघे एकदम बोलू लागतात, मग दोघेही एकदम थांबतात. त्यातून लोक शिकले की एकाने बोलणे संपवावे, मग दुसऱ्याने सुरू करावे. जोडणीचा वेग कमी झाला तर चित्र गोठू द्यावे, आवाज तुटू देऊ नये. आजही मोबाइलवर डॉक्टरांशी बोलताना रेंज गेली तर हाच नियम कामाला येतो. कॅमेरा बंद करा, बोलणे चालू ठेवा.

आणि ही कल्पना काही उपग्रहाची वाट पाहत बसली नव्हती. १९०५ मध्ये नेदरलँड्समधल्या लायडन शहरात विल्लेम आइंथोव्हेन यांनी इस्पितळातल्या रुग्णांचे हृदयालेख सुमारे दीड किलोमीटरवरच्या आपल्या प्रयोगशाळेत टेलिफोनच्या तारेवरून उतरवून घेतले होते. त्यांचे यंत्र इतके अवजड होते की ते रुग्णापाशी नेणे शक्यच नव्हते. तिथेही इस्पितळात रुग्णापाशी कुणीतरी थांबले असणारच, पण इतिहासाने नाव मात्र यंत्रवाल्याचे लक्षात ठेवले.

आता जरा थांबून एक प्रयोग बारकाईने पाहू, कारण मला तो बंगळुरूच्या सगळ्या प्रयोगांत सरस वाटतो. त्याचे नाव किडरॉप. नारायण नेत्रालयाने तो २००८ मध्ये सुरू केला. (ही संस्था नारायण हृदयालयाहून वेगळी, डॉ. के. भुजंग शेट्टी यांनी स्थापन केलेली. नावातल्या नारायणामुळे अनेकांचा घोटाळा होतो.) त्यामागचे डॉक्टर आनंद विणेकर.

कमी दिवसांचे बाळ जन्मले की आपण त्याच्या वजनाची, श्वासाची, दुधाची काळजी करतो. डोळ्यांचा विचार कुणाच्या मनात येत नाही. पण डोळ्याच्या आतल्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या पाटाचे पाणी एकेक वाफा भिजवत शेवटच्या वाफ्यापर्यंत जावे, तशा मधल्या भागापासून कडेकडेला वाढत जातात आणि नऊ महिने भरत आले की कडेला पोहोचतात. सातव्या महिन्यात जन्मलेल्या बाळात त्या अर्ध्यावरच असतात. त्यातच जीव वाचवण्यासाठी प्राणवायू द्यावा लागतो आणि तो जास्त झाला तर वाढ आणखी अडते. कडेचा कोरडा राहिलेला भाग मग रक्तासाठी हाका मारू लागतो, त्यापायी वेड्यावाकड्या, नाजूक वाहिन्या फुटतात आणि शेवटी पडदा सुटून बाळ कायमचे आंधळे होते. हे सारे जन्मानंतर काही आठवड्यांत होते आणि बाहेरून डोळा ठणठणीत दिसतो. गायक स्टीव्ही वंडर यांची दृष्टी याच विकाराने गेली. त्यांचा जन्म १९५० चा. पेटीत ठेवलेल्या बाळांना भरमसाट प्राणवायू देण्यात धोका आहे, हे तेव्हा अजून नीट उमगले नव्हते.

वेळेत सापडले तर लेसरने हा विकार रोखता येतो. अडचण अशी की सरकारी योजनांमुळे जिल्ह्याजिल्ह्यांत नवजात बालकांचे अतिदक्षता कक्ष झाले, पूर्वी दगावणारी चिमुकली बाळे वाचू लागली, पण त्यांचा पडदा तपासू शकणारे नेत्रतज्ज्ञ मोठ्या शहरांतच राहिले. दीड किलोचे बाळ घेऊन बाळंतिणीने रायचूर-कोप्पळकडून बंगळुरूला जायचे, तेही दर आठवड्या-दोन आठवड्यांनी, हे होणे नाही.

म्हणून बाळाला शहरात आणण्याऐवजी किडरॉपने कॅमेरा गावोगाव नेला आणि त्यासोबत डॉक्टर पाठवला नाही, तंत्रज्ञ पाठवला. हाच त्यातला धाडसी भाग. तपासणी कशी चालते ते पाहिले की हे धाडस किती मोठे होते ते कळते. थेंब टाकून बाहुली मोठी करतात. डोळा बधिर करणारा थेंब टाकतात. बाळाला दुपट्यात घट्ट गुंडाळून नर्स डोके दोन्ही हातांनी धरून ठेवते. चिमुकल्या चिमट्याने पापण्या उघड्या ठेवतात, बुबुळावर पारदर्शक जेल लावतात आणि पेनासारखा जाड कॅमेरा त्यावर अलगद टेकवतात. यंत्राच्या पडद्यावर नारिंगी-तांबूस गोल उजळतो, त्यात रक्तवाहिन्यांच्या फांद्या. मधोमध एक छायाचित्र, मग वर, खाली, नाकाच्या बाजूचे, कानाच्या बाजूचे. बाळ रडते, नाडी मंदावली तर हात आखडता घ्यावा लागतो, आणि आई दाराशी उभी असते. हे काम तंत्रज्ञ करतो. छायाचित्रे सुरक्षित जाळ्यावरून बंगळुरूला जातात आणि तिथला तज्ज्ञ आपल्या आयफोनवर ती पाहून अहवाल देतो.

पण अहवाल येईपर्यंत आईला ताटकळत ठेवायचे का? सलग नेट मिळेलच याचा भरवसा नसलेल्या काळात हा प्रश्न नुसता सोयीचा नव्हता. निघून गेलेली आई परत येईलच असे नाही. म्हणून तंत्रज्ञांनाच निर्णय घ्यायला शिकवले गेले. बाळाला आता तपासणीची गरज नाही, की पुन्हा बोलवायचे, की तातडीने उपचार हवा. तीन वाटा. कोण किती तयार झाला हे ठरवायला वीस गुणांची परीक्षा आणि तीन पायऱ्या.

नेत्रतज्ज्ञांमध्ये यावर भुवया उंचावणे साहजिक होते. बाळाच्या दृष्टीचा निर्णय डॉक्टर नसलेल्या माणसावर? उत्तर म्हणून २०१४ मध्ये हिशेब प्रसिद्ध झाला, तो १,६०१ बाळांच्या ६,३३९ तपासण्यांचा. तिसऱ्या पायरीवरच्या तंत्रज्ञाचा निर्णय तज्ज्ञाशी ९४.३ टक्के वेळा जुळला. उपचाराची गरज असलेल्यांपैकी नजरेतून सुटलेली बाळे ०.४ टक्के. तेव्हा ही सेवा कर्नाटकातल्या ८१ नवजात कक्षांत पोहोचली होती. हा आकडा वाचताना मला तंत्रज्ञानाचे कौतुक वाटले, त्याहून जास्त वाटले ते त्या कॅमेऱ्याचे खोके घेऊन जिल्ह्याजिल्ह्यांत फिरणाऱ्यांचे. कॅमेरा परदेशी होता, फार महाग होता. पुढे बंगळुरूच्याच फोरस हेल्थ कंपनीने थ्रीनेत्र निओ हा त्याच कामाचा देशी कॅमेरा बनवला.

लक्षात घ्या, या सगळ्यात व्हिडिओ कॉल जवळजवळ नाहीच. छायाचित्र काढायचे, पाठवायचे, पलीकडच्याने सवडीने पाहायचे. दूरवैद्यकाचा मोठा हिस्सा असाच चालतो. गोव्याचे उदाहरण घ्या. काणकोण-पेडण्याच्या टोकापासून बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजपर्यंत छातीत दुखणाऱ्या माणसाला आणण्यात मोलाचा वेळ जायचा. २०१८ च्या अखेरीस तिथल्या सरकारी केंद्रांत बंगळुरूच्या ट्रायकॉग कंपनीची ईसीजी यंत्रे बसवली गेली. आलेख थेट बंगळुरूला जातो, तिथे तो वाचला जातो आणि काही मिनिटांत निदान परत येते. मग केंद्रातलाच डॉक्टर गुठळी विरघळवणारे महागडे इंजेक्शन देतो, रुग्णाला फुकट. रुग्ण नंतर बांबोळीला जातो. सरगूरची कहाणीच पुन्हा घडली म्हणायची, फक्त उपग्रहाची तबकडी गेली आणि पडद्यावरचा चेहराही गेला.

व्हिडिओ खरोखर उपयोगी पडतो तो मनाच्या आजारात. तिथे पोट चाचपायचे नसते, बोलणे ऐकायचे आणि चेहरा पाहायचा असतो. निम्हान्सने याचा वापर मात्र वेगळ्याच अंगाने केला. रुग्ण आपल्याकडे ओढण्याऐवजी त्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या डॉक्टरांना हाताशी धरले. मूळ कल्पना अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको विद्यापीठातले यकृततज्ज्ञ संजीव अरोरा यांची. हिपॅटायटिस सीच्या रुग्णांना त्यांच्या भेटीसाठी महिनोन्महिने थांबावे लागायचे. एकटे तपासून ही रांग संपणार नाही, हे ओळखून २००३ मध्ये त्यांनी गावोगावच्या डॉक्टरांना व्हिडिओवर एकत्र आणले आणि प्रत्येकाने आपली अवघड केस सर्वांपुढे मांडायची, अशी रीत पाडली. निम्हान्सने २०१४ पासून ती उचलली. तालुक्यातला डॉक्टर सांगतो, ‘माझ्याकडे एक बाई येतात, अंग दुखतं म्हणतात, सगळ्या तपासण्या नॉर्मल.’ बंगळुरूचा मनोविकारतज्ज्ञ विचारतो, ‘झोप कशी आहे? भूक? घरात काय चाललंय?’ ऐकणाऱ्या पंधरा-वीस डॉक्टरांच्या नजरेसमोर त्यांच्या त्यांच्या ओपीडीतली तशीच एखादी बाई उभी राहते. एका रुग्णाच्या निमित्ताने पुढच्या शंभरांची सोय होते. कोविडच्या साथीच्या काळात आपण सगळेच ऑनलाइन बैठकांना विटलो, पण त्या पडद्याचा इतका चोख उपयोग मी दुसरा पाहिलेला नाही.

निम्हान्सच्याच देखरेखीखाली १० ऑक्टोबर २०२२ रोजी टेलिमानस ही देशव्यापी सेवा सुरू झाली. तांत्रिक बाजू बंगळुरूच्या आयआयआयटीने सांभाळली. १४४१६ हा क्रमांक फिरवायचा आणि भाषा निवडायची. मराठीतही बोलता येते. पहिल्यांदा प्रशिक्षित समुपदेशक भेटतो, गरज पडली तर तो तज्ज्ञाकडे जोडून देतो. सुरुवात साध्या फोनने झाली, व्हिडिओची सोय दोन वर्षांनी आली. माझ्या मते हा क्रम अगदी योग्य होता. जीव नकोसा झालेल्या माणसाला रात्री दोन वाजता कॅमेऱ्यापुढे बसायचे नसते.

इथे माझ्याच म्हणण्याला एक अपवादही नोंदवायला हवा. रुग्णाच्या बाजूला माणूस हवा, हे हृदयाला आणि डोळ्याला लागू. मनाचे दुखणे सांगताना मात्र बाजूचा माणूस बहुधा अडचणच असतो. सुनेला जे सांगायचे ते सासू खोलीत असताना ती सांगणार नाही. मुलगा दार लोटून बसला तर आईने कान देऊ नये.

कायद्याची बाजू थोडक्यात. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रत्नागिरीच्या एका डॉक्टर दांपत्याला अटकपूर्व जामीन नाकारला. बाळंतपणानंतर त्रास होऊ लागलेल्या रुग्णाला गावाबाहेर असताना फोनवरून औषध सांगितले गेले आणि ती दगावली, असे ते प्रकरण होते. त्यानंतर राज्यातले डॉक्टर फोनवर साधी गोळी सांगायलाही बिचकू लागले. दूरवरून सल्ला द्यावा की देऊ नये, याचे स्पष्ट नियमच नव्हते. ते आले २५ मार्च २०२० ला, देश टाळेबंद झाला त्याच दिवशी. व्हिडिओ, फोन, लेखी संदेश, तिन्ही मार्गांना मान्यता मिळाली. काही साधी औषधे कोणत्याही मार्गाने लिहून देता येतात, काहींसाठी पहिल्या भेटीत व्हिडिओ लागतो, काही फक्त आधी प्रत्यक्ष तपासलेल्या रुग्णालाच देता येतात, आणि नशेची व तत्सम औषधे मुळीच नाहीत. चिठ्ठीवर डॉक्टरचा नोंदणी क्रमांक हवा. आणि रुग्णाला समोर बोलवायचे की नाही, यात शेवटचा शब्द डॉक्टरचा.

लगोलग १३ एप्रिल २०२० रोजी ई-संजीवनीची घरबसल्या ओपीडी सुरू झाली. तिची दुसरी शाखा आधीपासून, २०१९ पासून होती. त्यात रुग्ण गावच्या आरोग्य केंद्रात येतो आणि तिथला समुदाय आरोग्य अधिकारी त्याचा रक्तदाब, साखर पाहून मोठ्या रुग्णालयातल्या डॉक्टरला पडद्यावर जोडतो. दोन्ही मिळून २०२३ च्या फेब्रुवारीपर्यंत दहा कोटी सल्ले झाले. घरबसल्या शाखेचे नाव जास्त झाले, पण मला भरवसा वाटतो तो केंद्रातल्या शाखेचा. तिथे डॉक्टर ‘रक्तदाब किती?’ असे विचारतो, तेव्हा उत्तर अंदाजाने येत नाही.

घरातून सल्ला घेताना हे काम घरच्यांना करावे लागते. आजींच्या पायांना सूज आहे. डॉक्टर पडद्यावरून नातवाला सांगतात, ‘नडगीवर अंगठा दाबून धर, पाच आकडे मोज. आता सोड. खड्डा राहिला का? कॅमेरा जवळ ने.’ खड्डा राहिला, म्हणजे अंगात पाणी साठले आहे. मग हृदय, मूत्रपिंड, यकृत, कुठल्या दिशेने शोध घ्यायचा ते डॉक्टर ठरवू शकतात. बंगळुरू, दुबई किंवा न्यू जर्सीला नोकरी करणारी मुले सांगली-साताऱ्याच्या आईवडिलांना ॲपवर डॉक्टर लावून देतात आणि निश्चिंत होतात. पैसे ती देतात, पण अंगठा दाबायला तिथे कुणीतरी लागतेच. शेजारी, पुतण्या, कामाला येणारी बाई, जे कुणी असेल त्यांना त्या वेळी घरी थांबायला सांगा.

म्हणून फोन लावण्याआधी एवढे करा. खिडकी पाठीमागे न ठेवता समोर ठेवा, म्हणजे चेहऱ्यावर उजेड येईल. चालू औषधांची पाकिटे समोर मांडा, ‘ती पांढरी गोळी’ कुणालाच कळत नाही. तापमान, रक्तदाब, साखर मोजून कागदावर लिहा. बाळ ३४ आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाचे जन्मले असेल, तर महिन्याभरात त्याच्या डोळ्यांचा पडदा तपासायला कुठे न्यायचे, हे दवाखान्यातून घरी सोडतानाच विचारा. आणि छातीत दुखते, धाप लागते, तोंड वाकडे झाले अशा वेळी ॲप उघडत बसू नका, १०८ ला फोन करा. एरवी व्हिडिओवर डॉक्टरांनी ‘प्रत्यक्ष येऊन दाखवा’ म्हटले, तर वाद न घालता गाडी काढा.